फटफटीच्या ठिणगीची हकीकत

फटफटी रस्त्यात बंद पडली आणि किक मारमारून पोटरीत गोळा आला, की बोलावलेला मिस्त्री पहिल्याने काय करतो हे आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेले आहे. तो आधी टाकी हलवून पेट्रोल आहे ना ते बघतो. मग इंजिनाच्या डोक्यावरचा प्लग पान्याने खोलतो, त्याची टोपी पुन्हा त्यालाच चढवतो, प्लग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून धरतो आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराला किक मारायला सांगतो. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली तर तो एका वाटेने जातो, नाही उडाली तर दुसऱ्या. ‘करंट येत नाही,’ असे त्याने म्हटले की मालकाचे तोंड उतरते, कारण यापुढे किती वेळ आणि किती पैसे जाणार याचा अंदाज त्याला नसतो.

पुढे तो मिस्त्री काय करतो ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. तो दुसरा प्लग लावून बघतो. टोपी काढून नुसती वायर धातूजवळ धरतो. मग एका वाटोळ्या झाकणाचे दोन स्क्रू काढून आतले पॉइंट उघडे करतो, नखाने ते विलग करून बघतो, पॉलिश कागदाचा तुकडा त्यांतून एकदोनदा ओढतो. तरीही काही नाही, तर मग कंडेन्सर, कॉइल, बॅटरी आणि शेवटी किल्लीपासून येणारी वायर. हे त्याचे कसब अनुभवाने आलेले असते. पण ज्या वस्तू तो एकामागून एक तपासतो त्या मुळात तेथे का आहेत, असे विचारले तर उत्तरासाठी इतिहासाकडे जावे लागते. यांतली एकही वस्तू कुणी घरी बसून आधीच आखून ठेवलेली नाही. कुठले तरी इंजिन कुठे तरी अडले, आणि पुन्हा तसे अडू नये म्हणून एकेक वस्तू त्याला येऊन चिकटत गेली. ही हकीकत ठाऊक असली तर बिघाड शोधताना डोके शांत राहते. आणि खेड्यापाड्यांत, जिथे दवाखान्याला जायचे तरी फटफटीच काढावी लागते, तिथे डोके शांत राहणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आता ठिणगी लागते कशाला, ते आधी पाहू. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण ओढले जाते, दट्ट्या ते दाबून धरतो, आणि नेमक्या त्या क्षणी ते पेटावे लागते. चूल पेटवताना एक काडी विझली तर आपण दुसरी ओढतो, फुंकणीने फुंकतो. इथे ती सवड नाही. चार फेऱ्यांच्या चालीचे, म्हणजे फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीन हजार वेळा फिरत असेल तर त्याला सेकंदाला पंचवीस ठिणग्या लागतात. टू स्ट्रोकला याच्या दुप्पट. प्रत्येक ठिणगी वेळेवर हवी, आणि दाबलेल्या हवेतून उडी मारण्याइतकी जोरकस हवी. जुन्या चकमकीच्या दगडाने हे होणार नाही हे उघड आहे. पण विजेने तरी ते कसे व्हावे? बॅटरीत सहा किंवा बारा व्होल्टचा दाब, आणि प्लगच्या फटीतून उडी मारायला लागतात हजारो व्होल्ट!

हे कोडे इंजिन जन्माला येण्याच्या आधीच सुटलेले होते. मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये दाखवून दिले की एका तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह चालू किंवा बंद केला की शेजारच्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होते. आयर्लंडमधले निकोलस कॅलन नावाचे एक पाद्री प्राध्यापक होते. त्यांनी १८३६ मध्ये यावरून पहिली कॉइल केली: आत जाड तारेचे थोडे वेढे, वर बारीक तारेचे पुष्कळ वेढे. पुढे पॅरिसमध्ये राहणाऱ्या रुमकोर्फ या जर्मन कारागिराने १८५१ च्या सुमारास ती इतकी सुधारली की तिला त्याचेच नाव पडले. हिचे मर्म शेतकऱ्याला समजायला सोपे आहे. पंपाच्या पाइपलाइनीतून पाणी जोरात चालले असताना पुढचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइपाला केवढा हादरा बसतो! चालू प्रवाह अचानक तोडला की असाच हादरा विजेचाही बसतो, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत तो कित्येक पटींनी वाढून दहा-वीस हजार व्होल्टपर्यंत जातो. ठिणगी पडते ती प्रवाह तुटताना, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पण प्रवाह तोडणाऱ्या दोन टोकांमध्येच एक चोरटी ठिणगी पडू लागली. त्यामुळे टोके जळत, आणि प्रवाह झटक्यात न तुटता रेंगाळत तुटे. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ मध्ये त्या टोकांना एक कंडेन्सर जोडला. उसळलेली वीज क्षणभर साठवून घेणारी ती एक डबी. टोके जळायची थांबली आणि खरी ठिणगी जोरदार झाली. आज जुन्या बुलेटच्या पॉइंटांजवळ दिसणारी बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी ती हीच. मोटार नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती तेव्हाचा हा भाग आहे, हे मिस्त्रीला सांगितले तर त्याला नवल वाटेल.

यानंतर १८६० मध्ये लेन्वार याने पॅरिसमध्ये दिव्याच्या गॅसवर चालणारे इंजिन केले आणि त्यात रुमकोर्फची कॉइल व चिनीमातीत बसवलेला प्लग वापरला. वस्तू बरोबर होत्या, पण बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या आणि प्लग काजळी धरी. म्हणून निकोलस ओटो याने १८७६ मध्ये आपले प्रसिद्ध चार फेऱ्यांचे इंजिन केले तेव्हा विजेचा नाद सोडून बाहेर एक ज्योत जळत ठेवली आणि सरकत्या झडपेतून ती आत नेण्याची व्यवस्था केली. कारखान्यात एका जागी बसलेल्या इंजिनाला ते चालून गेले. वाऱ्यात धावणाऱ्या गाडीला कसे चालावे?

गोटलीब डायमलर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये लाकडी सांगाड्याची दुचाकी केली. पेट्रोलवर चालणारी जगातली पहिली फटफटी म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिच्यात ठिणगी नव्हती. नळकांड्यातून एक बारीक नळी बाहेर काढलेली होती आणि ती खालून एका बर्नरने लालभडक तापवलेली असे. दाबलेले मिश्रण त्या नळीत शिरले की पेटे. हा बर्नर होता बसणाऱ्याच्या बैठकीखाली. १८८५ च्या नोव्हेंबरात डायमलरचा मुलगा पाउल, अजून मिसरूडही न फुटलेला, ती गाडी घेऊन कानश्टाटहून निघाला आणि वाटेत बैठकच पेटली! फटफटीच्या पहिल्या सफरीतला पहिला बिघाड पेटवण्याच्या व्यवस्थेतला होता, हे पुढच्या सगळ्या इतिहासाला शोभणारेच झाले.

त्याच सुमारास मानहाइम गावी कार्ल बेन्झ आपली तीन चाकांची गाडी करीत होता. त्याने मात्र विजेचीच कास धरली, आणि सगळ्या अडचणींत मोठी अडचण म्हणजे ही ठिणगी, असे तो म्हणे. गाडी झाली, पण तो ती दूर नेईना. शेवटी १८८८ च्या ऑगस्टात त्याची बायको बेर्था, नवऱ्याला न विचारता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन गाडीत बसली आणि शंभर किलोमीटरच्या वर अंतर तोडून माहेरी फोर्झहाइमला जाऊन पोचली. वाटेत औषधांच्या दुकानातून तिने इंधन घेतले. तेल येण्याची नळी तुंबली तेव्हा टोपीत खोचायची लांब टाचणी घालून ती मोकळी केली. आणि ठिणगीच्या वायरीवरचे वेष्टन झिजून वीज भलतीकडेच जाऊ लागली, तेव्हा तिने पायमोजा वर धरून ठेवणारी आपली पट्टी काढली आणि त्या वायरीवर गुंडाळली. गाडी सुरू झाली.

मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. रस्त्यात उभे राहून, हाताशी असेल त्या वस्तूने ठिणगीतला बिघाड काढणाऱ्यांत जिचे नाव आपल्याला ठाऊक आहे अशी पहिली व्यक्ती ही एक बाई आहे, दोन मुलांना सोबत घेऊन निघालेली आई. तिने काय ओळखले? वीज उत्पन्न होते आहे, पण पोचत नाही. आजही पावसाळ्यात ओढ्यातून गाडी घातली आणि बंद पडली, तर दहांतल्या पुष्कळ वेळा कारण हेच असते. टोपीत पाणी शिरलेले असते, किंवा वायरीला चीर गेलेली असते, आणि वीज प्लगपर्यंत जाण्याआधीच ओल्या वाटेने सांगाड्यात उतरते. अंधारात पाहिले तर अशा वायरीवर निळसर रेषा सरपटताना दिसतात. कोरड्या फडक्याने वायर आणि टोपी आतून बाहेरून पुसली की काम भागते.

बेन्झची कॉइल दाराच्या विजेच्या घंटीसारखी सतत थरथरत ठिणग्यांचा वर्षाव करी. मंद चालणाऱ्या इंजिनाला ते पुरे. वेग वाढला की नेमकी कोणती ठिणगी लागू पडली याचा हिशेब राहीना. पॅरिसच्या द दियों-बूतों कंपनीच्या जॉर्ज बूतों याने १८९५ च्या आपल्या तीनचाकीसाठी यावर उपाय काढला. इंजिनानेच फिरणारा एक उंचवटा, म्हणजे कॅम, दोन टोके नेमक्या वेळी विलग करील आणि एका वेळी एकच ठिणगी पडेल, अशी ही मांडणी होती. डायमलरचे इंजिन मिनिटाला सहाशेच्या आसपास फिरे. बूतोंचे दीड हजारांवर सहज जाऊ लागले. एवढासा कॅम, पण त्यामुळे लहान, हलके आणि चपळ इंजिन शक्य झाले, आणि पुढची कित्येक वर्षे युरोपातल्या फटफट्या याच इंजिनाच्या नकला करून निघाल्या. ‘टायमिंग’ हा आपल्या मिस्त्रींच्या तोंडी बसलेला शब्द या कॅमशी बांधलेला आहे.

राहता राहिली बॅटरी. त्या काळातली बॅटरी मध्येच संपे, रस्त्याच्या हादऱ्यांनी फुटे, आणि खेड्यात ती भरून कोण देणार! श्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश याने १८८६ मध्ये एक लहानसे दुरुस्तीचे दुकान काढले होते. दुसऱ्याच वर्षी एका गिऱ्हाइकाच्या मागणीवरून त्याने जागेवर चालणाऱ्या इंजिनासाठी मॅग्नेटो करून दिला. मॅग्नेटो म्हणजे लोहचुंबकाच्या पुढे तारेचे वेटोळे हलवून वीज काढणारे यंत्र, बॅटरी नकोच. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या गृहस्थाने आपली द दियों-बूतों तीनचाकी त्याच्याकडे आणली आणि हिला मॅग्नेटो बसवून दाखव म्हटले. बॉशच्या कारखान्यातल्या झेरिंगर नावाच्या कामगाराने हलक्या, भरभर हलणाऱ्या भागांची युक्ती काढली आणि ते जमले. मग १९०२ मध्ये गोटलोब होनोल्ड या त्याच्या अभियंत्याने कॉइलीचे बारीक वेढेही मॅग्नेटोच्या पोटातच घातले आणि त्याच्या जोडीला नवा, टिकाऊ प्लग तयार केला. आता एका डबीतून एक वायर निघे ती सरळ प्लगला जाई. किक मारा, चाक फिरेल, वीज होईल, ठिणगी पडेल. यापेक्षा सुटसुटीत ते काय असणार?

ही वस्तू इतकी उत्तम ठरली की जगाने ती स्वतः करण्याची तसदीच घेतली नाही. आणि मग १९१४ सालचा ऑगस्ट उजाडला. जर्मनीशी युद्ध पुकारल्यावर इंग्लंडच्या लक्षात आले की आपल्या लष्करी मोटारी, विमाने, निरोप्यांच्या फटफट्या, या सर्वांची ठिणगी शत्रूच्या कारखान्यातून येत होती. इंग्लंडमध्ये त्या वेळी मॅग्नेटो करणारा थॉमसन-बेनेट हा बर्मिंगहॅमचा एक लहान कारखाना काय तो नाव घेण्याजोगा होता. लुकास कंपनीने तो १९१४ मध्येच विकत घेतला. नमुना समोर ठेवून नक्कल करावी म्हटले तर तेही सोपे नव्हते. चुंबकाचे विशिष्ट पोलाद, केसाएवढ्या तारेवरचे लाखेसारखे वेष्टन, वीज न झिरपणारे साचेबंद भाग, यांपैकी प्रत्येक गोष्ट नव्याने शिकावी लागली. पहिल्या काळात अमेरिकेहून माल आणून निभावले. इंग्लंडचे कारखाने हळूहळू तयार झाले, आणि १९१५ पासून ट्रायम्फची ‘मॉडेल एच’ ही फटफटी सुमारे तीस हजारांच्या संख्येने युद्धात गेली. आम्ही वर्गात पहिल्या महायुद्धाची कारणे सांगताना बाल्कन, तह आणि आरमारे यांची नावे घेतो. मुठीएवढ्या एका यंत्राने जगातल्या बलाढ्य साम्राज्याला घाम फोडला होता, हेही शिक्षकांनी मुलांना सांगावे असे मला वाटते. वापरायला येणे आणि करायला येणे यांतले अंतर मुलांना या गोष्टीवरून चटकन कळेल.

मॅग्नेटोत एक खोट होती. तो जितका जोरात फिरेल तितकी ठिणगी जोरदार. पण सुरू करताना तर इंजिन सर्वांत हळू फिरते! म्हणजे ठिणगी जेव्हा सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती सर्वांत दुबळी. चुंबक म्हातारा झाला, वेढे जुने झाले, की ‘ढकलल्यावर सुरू होते, किकवर होत नाही’ ही तक्रार येते ती यामुळे.

याला तोड काढली अमेरिकेत, आणि ती काढणारा माणूस एकेकाळी खेड्यातला शाळामास्तर होता, हे येथल्या शिक्षक-वाचकांना आवडेल. चार्ल्स केटरिंग याचा जन्म १८७६ मध्ये ओहायो राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. डोळे अधू, त्यामुळे शिक्षण मध्येच सुटे. काही वर्षे त्याने खेड्यातल्या शाळेत शिकवले, मग उशिरा पदवी घेतली आणि डेटन शहरी गल्ल्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्यात लागला. एडवर्ड डीड्स नावाच्या सोबत्याच्या घरामागच्या कोठारात, नोकरीचे तास संपल्यावर, त्याने बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांची नवी जुळणी केली. कॅडिलॅक कंपनीने १९१० सालच्या गाड्यांसाठी ती घेतली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तर त्याने बटणावर इंजिन सुरू करण्याची सोय केली, आणि चालू इंजिन पुन्हा बॅटरी भरील अशीही व्यवस्था लावली. वर पाहिलेत तर यातला एकेक भाग जुनाच आहे: फॅरडे-कॅलन यांची कॉइल, फिझोचा कंडेन्सर, बूतोंचा कॅम. केटरिंगने त्यांना एका दाव्याला बांधले, आणि पुढची साठ वर्षे जगातल्या बहुतेक मोटारी त्याच दाव्याला बांधलेल्या राहिल्या.

फटफटीवाले मात्र बराच काळ मॅग्नेटोला धरून होते, कारण बॅटरीचे ओझे आणि निगा नको. इंग्लंडच्या व्हिलियर्स कंपनीने १९२० नंतरच्या दशकात मॅग्नेटो इंजिनाच्या गरगरणाऱ्या चाकातच बसवला. तीच पद्धत इटलीच्या व्हेस्पा स्कूटरने घेतली आणि १९६० नंतरच्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी होऊ लागल्या तेव्हा ती आपल्या घरी आली. मद्रासला १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. तिची बुलेट बॅटरी आणि कॉइलच्या घराण्यातली. म्हैसूरला १९६० नंतर जावा होऊ लागली, तिचेही तसेच. म्हणजे आपल्या रस्त्यांवर ठिणगीची दोन घराणी शेजारी शेजारी नांदू लागली, आणि मिस्त्रीला दोन्हींचे कुलाचार पाठ करावे लागले.

त्यांतला मुख्य फरक सांगतो, कारण पुष्कळ खर्च याच्या अज्ञानामुळे होतो. बॅटरीच्या गाडीत किल्ली फिरवली की वीज कॉइलकडे जाते. वाटेत कुठेही वायर तुटली की ठिणगी बंद. मॅग्नेटोच्या स्कूटरीत उलटे आहे. मॅग्नेटो स्वतःच वीज करतो, त्याला थांबवायचे कसे? तर बटण त्याची वीज सांगाड्यात उतरवून देते. त्यामुळे तिथे बंद करण्याची वायर तुटली तर गाडी बंदच होणार नाही. आणि तीच वायर हँडलपाशी घासून पत्र्याला टेकली, तर गाडी सुरूच होणार नाही. अशा वेळी लोक प्लग बदलतात, कॉइल बदलतात, मग पॉइंट बदलतात. मॅग्नेटोजवळ ती एक वायर काढून ठेवली आणि किक मारली, तर अर्ध्या मिनिटात खरे काय ते कळते.

बुलेटच्या हेडलाइटवर एक अँमीटर असे. पॉइंट मिटलेले असताना किल्ली दिली की कॉइल वीज घेते आणि काटा उणे बाजूला झुकतो; पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. जुने बुलेटवाले डावीकडची बारीक दांडी दाबून, किक हलके हलके खाली नेत, काटा मध्यावर आलेला पाहत आणि मगच जोराची किक मारत. तो काटा बिघाडही सांगे. किक हळूहळू फिरवली आणि काटा हललाच नाही, तर एक तर वीज येत नाही, किंवा पॉइंट मिटत नाहीत, ते जळाले आहेत, त्यांवर तेल आहे. काटा झुकला तो झुकलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर आतून चिकटला आहे. काटा नीट डुलतो आहे आणि ठिणगी नाही, तर मग पुढे कॉइल, वायर, टोपी, प्लग. एवढ्याने अर्धे रान मोकळे होते. ठिणगी प्रवाह तुटताना पडते असे वर म्हटले ते इथे कामाला येते: पॉइंट मिटायलाही हवेत आणि उघडायलाही हवेत. त्यांची फट पूर्ण उघडल्यावर साधारण पाव मिलिमीटरहून थोडी जास्त, पण अर्ध्यापेक्षा कमी लागते. झिजून ती नाहीशी झाली की गाडी कितीही नवा प्लग घातला तरी हलत नाही.

कंडेन्सरचा बिघाड फसवा असतो. पॉइंटांमध्ये मोठी, पिवळसर निळी ठिणगी फडफडताना दिसली, आणि ते पुन्हापुन्हा जळू लागले, तर फिझोची डबी मेली असे समजावे. कधी कधी गाडी पाच-दहा किलोमीटर उत्तम चालते, तापली की बंद पडते, झाडाखाली अर्धा तास उभी केली की पुन्हा सुरू होते. घाटात तर हे हटकून होते. त्या वेळी कंडेन्सर किंवा कॉइल उष्णतेने आतून फुटू लागलेली असते. थंड झाल्यावर तपासाल तर सर्व ठीक दिसेल. तपासायचे ते गरम असतानाच.

आणखी एक. उघड्या हवेत प्लगला ठिणगी दिसली म्हणजे ती आत पडेलच असे नाही. आत हवा दाबलेली असते आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला जास्त जोर लागतो. फिकट, तांबूस, मरतुकडी ठिणगी असेल तर ती आहे म्हणून पुढे जाऊ नये. निळी आणि ‘चट्’ असा आवाज करणारी हवी.

ही सगळी विद्या १९८० पर्यंत खेड्यातल्या कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळे. नंतर तिच्यातला एक तुकडा गळाला. पॉइंटांऐवजी इलेक्ट्रॉनिक पेटीने ठिणगी पाडण्याची पद्धत कावासाकीच्या १९६९ च्या पाचशे सीसी गाडीत दिसते. आपल्याकडे ती १९८५ च्या सुमारास जपानी सहकार्याने आलेल्या शंभर सीसीच्या गाड्यांनी घराघरांत नेली. मिस्त्री तिला ‘सीडीआय’ म्हणतात. तिच्यात एक कंडेन्सर दोन-तीनशे व्होल्टांनी भरून ठेवतात आणि वेळ येताच तो कॉइलीत रिकामा करतात. कॅमच्या जागी चुंबकाजवळचे एक लहान वेटोळे इशारा देते. घासणारे काही नाही, म्हणून झिजणारे काही नाही, आणि ठिणगीही चांगली. बुलेट मात्र एकविसावे शतक उजाडले तरी पॉइंटवर चालत होती. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम आले तेव्हापासून बहुतेक नव्या गाड्यांत पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकाच्या हुकमतीत आहेत, आणि काही चुकले तर मीटरवर पिवळा दिवा लागतो.

या पेट्या वर्षानुवर्षे बिघडत नाहीत, हे त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. दर दोन-तीन हजार किलोमीटरला पॉइंट घासत बसणाऱ्याला ते विचारा. पण बिघडली तर ती उघडता येत नाही. मिस्त्रीकडे एकच उपाय उरतो, दुसरी पेटी लावून बघणे. आणि तालुक्याला ती नसेल तर गाडी टेंपोत घालणे. बेर्था बेन्झच्या पट्टीला इथे काम नाही. म्हणूनच पेटीकडे बोट दाखवण्याआधी जे अजून उघडे आहे ते सर्व पाहून घ्यावे, आणि ते पुष्कळ आहे. बॅटरीची टोके पांढरी पडलेली आहेत का? सांगाड्याला जोडलेली वायर गंजली आहे का? लाल बटण चुकून बंद बाजूला गेले आहे का? हसू नका, भर रस्त्यात गाड्या या बटणापायी ढकलल्या जातात. साइड स्टँड खाली असला तर ठिणगी तोडणारी सोय पुष्कळ नव्या गाड्यांत असते, तिचा स्विच चिखलाने भरला आहे का? जोडण्यांच्या प्लास्टिकच्या खोबणीत पाणी आहे का? उंदरांनी वायर कुरतडली आहे का? पेंढ्याजवळ लावलेल्या गाडीला हा रोग विशेष.

शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी जवळच्या गॅरेजमधून भंगारातले पॉइंट, कंडेन्सर, फुटकी कॉइल आणि चार-सहा जळके प्लग मागून आणावेत. कोणी नाही म्हणत नाही. कॉइल करवतीने कापली तर आतली जाड तार आणि केसासारखी बारीक तार मुलांना बोटाने चाचपता येते. चालू गाडीवर हा प्रयोग करू नये. हजारो व्होल्टांचा झटका माणसाला वाहनावरून फेकून देतो, आणि ज्याचे हृदय अधू आहे त्याने तर वायरीला हातच लावू नये.

प्लग मात्र होनोल्डच्या वेळेपासून फारसा बदललेला नाही, आणि तो अजून कोणालाही पान्याने खोलता येतो. त्याचे टोक फिकट बदामी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवेची जाळी तुंबली आहे. काळे आणि तेलकट असेल तर इंजिनातले तेल वर येते आहे, आणि तो दोष ठिणगीचा नव्हेच. पांढरे, भाजलेले असेल तर इंजिन फार तापते आहे. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी नाही, किंवा किका फार झाल्या. तेव्हा फडक्याने पुसून, थोडा वेळ उन्हात ठेवून, आणि प्लग बाहेर असतानाच चोक न ओढता पाच-सहा किका मारून आतली वाफ घालवावी. ठिणगी बघायची ती यानंतर, तीही टाकीपासून आणि प्लगच्या उघड्या भोकापासून दूर, प्लगचा धातू इंजिनाला घट्ट टेकवून. सीडीआयच्या गाडीत वायर मोकळी लोंबती ठेवून किक कधीही मारू नये. विजेला जायला वाट उरली नाही तर ती कॉइलीचे किंवा पेटीचे वेष्टन आतून फोडते, आणि मग नसलेला बिघाड खरोखरच होऊन बसतो.